कापिजिचांचं बिनमहत्त्वाचं घर

बावीस जुलैला, सोमवारी सकाळी अकरा वाजता, सारायेवोच्या पिवळ्या बुरुजाखालच्या चढणीवर नुस्रेत कापिजिचच्या घराच्या भिंतीवर नगरपालिकेने निळी पाटी ठोकली, फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि ते घर राजधानीतलं अधिकृत प्रेक्षणीय स्थळ झालं.

असं काहीही झालेलं नाही.

निदान नुस्रेतचं म्हणणं तसं आहे, आणि घर त्याचं असल्यामुळे आपल्याला त्याचं ऐकायला हवं. तो त्या भिंतीकडे बघत नाही. कोणी पाटीकडे बोट दाखवलं तर तो बोटाकडे बघतो आणि विचारतो, "लागलंय का काही?" तेव्हा आपणही ती पाटी विसरू आणि जूनपासून सुरुवात करू. जूनमध्ये त्या भिंतीवर फक्त द्राक्षाचा वेल होता आणि नुस्रेतला आयुष्याकडून एकच गोष्ट हवी होती. दुपारची झोप.

त्याने अडतीस वर्षं ट्राम चालवली होती. ट्राम चालवणाऱ्यालाही दुपारी दोन ते चार झोप येते, ही गोष्ट ट्राममधल्या प्रवाशांना कळू द्यायची नसते. नुस्रेतने ती कळू दिली नाही. अडतीस वर्षांची झोप त्याने साठवून ठेवली आणि निवृत्त झाल्यावर अंगणातल्या आलुबुखाराच्या झाडाखाली एक बाक टाकून रोज दोन तास या हिशेबाने ती काढायला घेतली. त्या बाकावरून खाली सगळं शहर दिसतं. नदी, तिच्यावरचे दगडी पूल, जुना सिटी हॉल, मिनार, कॅथेड्रलचे दोन मनोरे, लाल कौलं. नुस्रेतने हे दृश्य कधी पाहिलं नव्हतं, कारण बाकावर असताना त्याचे डोळे मिटलेले असायचे.

तर जूनमधल्या एका दुपारी फाटकातून एक डॅनिश जोडपं आत आलं. निघाले होते बुरुजाकडे, फोनमधल्या नकाशाने आणलं इकडे. फाटक उघडं होतं. या गल्लीत दिवसा फाटकाला कडी घालत नाहीत. कडी घातली म्हणजे घरात कोणीतरी गेलं, किंवा कोणाशीतरी कायमचं बिनसलं. नुस्रेतच्या घरातलं कोणी गेलं नव्हतं, आणि कायमचं बिनसण्याइतकी त्याला कोणाशी ओळख ठेवायची हौस नव्हती.

नवरा-बायको दोघं उन्हाने टोमॅटोसारखी झाली होती. बाईने खुणेने पाणी मागितलं. पाणी मागितलं की या घरात कॉफी येते. नुस्रेतची बायको राझिया तांब्याच्या भांड्यातली कॉफी, पाण्याचा पेला आणि लोकुम, म्हणजे गुलाबाची मऊ गोड वडी, घेऊन आली. ही पहिली कॉफी, या बसा म्हणायची. तासाभराने दुसरी आली, ती गप्पांची. गप्पा झाल्या नाहीत, कारण समान भाषा नव्हती, पण चौघांनी आळीपाळीने मांजराकडे बोट दाखवलं आणि वेळ बरा गेला. मग आली तिसरी.

तिसरी कॉफी कपात ओतूनच येते. सोबत लोकुम नसतो, पाणी नसतं, आणि आणणारा माणूस बसत नाही. या चढणीवरचं शेंबडं पोरही तिसरी कॉफी ओळखतं. ती दिसली की पाहुणा गुडघ्यांवर थाप मारतो, "चला, उशीर झाला" म्हणतो आणि उठतो. कोणालाही 'निघा' म्हणावं लागत नाही. पिढ्यान् पिढ्या या गल्लीत कोणी कोणाला 'निघा' म्हटलेलं नाही, त्यामुळे ते कसं म्हणायचं हेही कोणाला येत नाही.

डॅनिश बाईने तिसरी कॉफी बघितली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं प्रेम तिला डेन्मार्कमध्ये मिळत नसावं. तिने चपला काढून पाय वर घेतले.

"राझिया," नुस्रेत स्वयंपाकघरात जाऊन हळूच म्हणाला, "अजून एक कर."

"अरे माणसा, चौथी कसली? चौथी नसते."

"चौथी नाही. तिसरीच. परत."

तिसरी कॉफी तिसऱ्यांदा दिल्यावर सूर्य मावळला आणि ती दोघं नुस्रेतला मिठी मारून गेली. कुंपणापलीकडे शेजारी ड्रागो टोमॅटोला पाणी घालत हे सगळं बघत होता. ड्रागो निवृत्त पाटी-रंगारी. त्याला काम नसतं, पण लक्ष सगळीकडे असतं.

"काय शेजारी, नातेवाईक का?"

"रस्ता चुकलेले."

"रस्ता चुकून पाच तास बसले? मी रस्ता चुकलो की चालतो."

चार दिवसांनी मुलगी मेर्सिहाचा स्वीडनहून फोन आला.

"बाबा, तुम्ही चौथ्या नंबरावर आहात."

"कशात?"

"सारायेवोत उन्हाळ्यात बघायच्या गोष्टींत. त्या डॅनिश बाईने फोटो टाकलेत. पहिला सिटी हॉल, दुसरा पूल, तिसरा बुरूज, चौथे तुम्ही. बाकावर. तोंड उघडं आहे तुमचं."

"कॅथेड्रल?" नुस्रेतने विचारलं.

"ते सहावं."

"मग पाचवं काय?"

"आईचा घेवडा."

"घेवडा पाचवा?" मागून राझिया म्हणाली. तिच्या आवाजात जो सूर होता तो नुस्रेतला आवडला नाही.

"आणि नकाशावर खूण पण टाकलीय तिने," मेर्सिहा म्हणाली. "नाव दिलंय, 'जिथे कप रिकामा होत नाही ते घर'. बाबा, तुम्ही त्यांना किती कॉफी दिलीत?"

नुस्रेतने फोन ठेवला, कारण फाटकात पाच जण उभे होते.

पुढच्या आठवड्यात रोज दहा-बारा माणसं यायला लागली. ती दोनच्या सुमाराला यायची, कारण बुरूज बघून उतरताना दोनच वाजतात. बाकावर बसायची, आलुबुखाराखाली फोटो काढायची आणि तिसरी कॉफी आली की कृतज्ञतेने पाय वर घ्यायची. राझिया भांड्यामागून भांडं चुलीवर चढवत होती. पाहुणा दारात आला आणि कॉफी दिली नाही असं तिच्या हातून व्हायचं नव्हतं. नुस्रेतची साठवलेली झोप जागच्या जागी सडायला लागली.

"कडी घाल फाटकाला," ड्रागो म्हणाला.

"का घालू? मेलंय का कोणी?"

"मग सांग त्यांना, निघा म्हणून."

"तू सांग."

ड्रागोने तोंड उघडलं, बंद केलं आणि टोमॅटोकडे गेला.

नुस्रेत इरेला पेटला. एका डॅनिश बाईने ठरवावं की आपलं घर बघण्यासारखं आहे? आपण चाळीस वर्षं या घराकडे बघतोय, त्यात काही नाही हे आपल्याला ठाऊक नाही? त्याने ड्रागोला पाटी करायला सांगितली. मजकूर साधा होता. 'हे प्रेक्षणीय स्थळ नाही.' तीन भाषांत.

ड्रागोला सहा वर्षांनी काम मिळालं होतं. पाटी आली तेव्हा अक्षरांना सोनेरी कड होती आणि चारी कोपऱ्यांत लाल गुलाब होते.

"गुलाब कशाला?"

"कोपरे रिकामे वाटत होते."

दुसऱ्या दिवसापासून लोक आधी पाटीखाली रांग लावून फोटो काढायला लागले आणि मग आत यायला लागले. नुस्रेतने फाटकाच्या वरच्या दोरीवर आपल्या हिवाळ्यातल्या लांब लोकरी चड्ड्या वाळत घातल्या, भर जुलैत, कोरड्या. एका पोलिश बाईने त्यांच्या मधोमध उभं राहून नवऱ्याला तीनदा फोटो काढायला लावला, कारण दोनदा वाऱ्याने चड्डी नीट आली नव्हती. नुस्रेतने बाक उचलून घेवड्यामागे नेला. लोक घेवड्यामागे गेले. तिथे सावली जास्त होती, त्यांनी त्याचे आभार मानले.

शेवटी तो शर्ट घालून खाली नगरपालिकेत गेला. खिडकीत एक कारकून बसला होता.

"नकाशावरून माझं घर काढा."

"नकाशा आमचा नाही, काका. नकाशावाल्यांना सांगा."

"त्यांची खिडकी कुठे आहे?"

"खिडकी नसते त्यांना." कारकुनाला नुस्रेतची दया आली असावी. "एक करता येईल. घराला काही महत्त्व नाही असा आमचा दाखला जोडलात तर ते खूण काढतात. मागे एका सार्वजनिक मुतारीची काढली."

"द्या मग दाखला."

"असा कसा? पाहणी करावी लागते. महत्त्व नाही हे बघायला आमचं माणूस यायला हवं."

"कधी येईल?"

"महत्त्वाच्या जागा बघून झाल्या की."

म्हणजे आणखी किती दुपारी जाणार हे सांगता येत नव्हतं. घरी परतताना चढणीवर नुस्रेतच्या डोक्यात ती कल्पना आली, जिच्यामुळे जे झालेलं नाही ते सगळं झालं. हे लोक तिसऱ्या कॉफीपर्यंत थांबतात. ठीक आहे. तिसरीच आधी द्यायची. कपात ओतलेली, लोकुमाशिवाय, उभ्या उभ्या. एकच. संपला विषय.

राझियाने हातातला डाव खाली ठेवला. "या घरात तिसरी कॉफी पहिली आलेली नाही. कधीच नाही. तुझ्या आईने तिला न आवडणाऱ्या माणसांना पण पहिली पहिलीच दिली."

"त्यांना काय कळतंय? त्यांना सगळ्या सारख्याच."

"त्यांना कळत नाही, पण मला कळतं ना. मी नाही नेणार तो ट्रे."

"मी नेतो."

"ने. आणि सगळ्यांच्या पाया पड एकदा, आयुष्यभर पुरेल."

आणि गंमत म्हणजे उपाय चालला. आल्या आल्या हातात कप, दोन घोट, कप रिकामा, पुढे काही येत नाही. माणसं वीस मिनिटांत उठायला लागली. तिसऱ्या दिवशी दोन टोळ्यांच्या मधे नुस्रेतला अकरा मिनिटं झोप लागली. ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर लागायची तशी, तोंड उघडं ठेवून, घाईची. तो जागा झाला तेव्हा त्याला वाटलं आपण जिंकतोय. तो ट्रेवर एका वेळी वीस कप मांडायला लागला आणि कपांखेरीज कशाकडे बघायचं त्याने सोडून दिलं. बाकावर कोण बसलंय हे बघण्यात वेळ जातो.

बारा जुलैला, शुक्रवारी दुपारी दोनला, सदतीस अंश उन्हात फिक्रेता हाजिअलिच ती चढण चढून आली.

फिक्रेता नगरपालिकेच्या वास्तू व महत्त्व विभागाची प्रमुख. सव्वीस वर्षांची नोकरी. डोक्यावर उन्हाची टोपी, गळ्यात पाहणीसाठीचा कॅमेरा, पायांत सँडल, चेहरा टोमॅटो. फाटकावरच्या चड्ड्या बघताच तिचा निर्णय झाला होता. दाखला तिने कोपऱ्यावरच सही करून पर्समध्ये ठेवला होता. 'सदर घरास कोणतेही महत्त्व नाही.' फक्त मालकाशी दोन शब्द बोलायचे, नाव नीट लिहिलंय ना बघायचं, की काम झालं. धाप लागल्यामुळे ते दोन शब्दही निघेनात. ती बाकाच्या टोकाला दोन ऑस्ट्रियन पोरींच्या शेजारी टेकली आणि तिने नुस्रेतला नुसता हात वर केला.

नुस्रेतला हात दिसला. हात दिसला की कप द्यायचा. त्याने उभ्या उभ्या कप तिच्यासमोर ठेवला आणि पुढच्या हाताकडे वळला.

फिक्रेताने कपाकडे बघितलं. कॉफी ओतलेली. मग बशीत बघितलं. लोकुम नाही. बशीखाली सुद्धा बघितलं.

"ही तिसरी आहे," ती म्हणाली. त्यांच्याच भाषेत, त्याच चढणीवरच्या सुरात.

नुस्रेतच्या हातातल्या ट्रेवरचे चौदा कप एकदम वाजले.

"माझी पहिली कुठे आहे?" फिक्रेताने विचारलं.

"ताई... मॅडम... मला वाटलं तुम्ही परदेशी."

"परदेशी माणसाला तिसरी आधी देतात?"

"त्यांना कळत नाही."

शेजारची ऑस्ट्रियन पोरगी मदतीला धावली. ती दोन महिने भाषा शिकत होती. "ही स्वागताची कॉफी," तिने फिक्रेताला हसून समजावलं. "फार जुनी पद्धत. इथे सगळ्यांना देतात."

"असं का," फिक्रेता म्हणाली.

नुस्रेत धावत आत गेला. राझियाने परिस्थिती एका नजरेत ओळखली. तिने पहिली कॉफी चढवली, लोकुमाचा अख्खा डबा ट्रेवर ओतला, ठेवणीतला पेला काढला आणि पदराला हात पुसावेत तसे ॲप्रनला पुसत स्वतः ट्रे घेऊन बाहेर आली. "मॅडम, चुकलं हो आमचं. ही घ्या, ही पहिली."

"तिसरीनंतर?" फिक्रेता म्हणाली. आवाज शांत होता, तेच वाईट होतं. "तिसरीनंतर पहिली येत नाही, बाई. तिसरीनंतर माणूस उठतो. सव्वीस वर्षांत मला लोकांनी घरातून घालवलंय. एकाने कुत्रा सोडला होता. पण बसायच्या आत कोणी घालवलं नव्हतं." तिने पर्समधून सही केलेला दाखला काढला, नुस्रेतला नीट वाचू दिला आणि परत ठेवून दिला. मग दुसऱ्या कप्प्यातून एक पिवळा पडलेला फॉर्म काढला. "हा मी कधी वापरला नव्हता. 'विशेष महत्त्व'. घराचं बांधकाम?"

"पडकं," नुस्रेत घाईने म्हणाला. "अगदी पडकं. मागची भिंत ओली आहे."

"'अस्सल'," फिक्रेताने लिहिलं. "बाक?"

"मोडका. मीच ठोकलाय, तिरका."

"'मूळ स्वरूपात'."

"मॅडम, इथे काही नाही हो. मी नुसता झोपतो इथे. दोन ते चार."

"'परंपरा जिवंत'."

राझियाने त्याला कोपराने ढोसलं. "माफी माग. आत्ता माग."

आता बघा, नुस्रेतला माफी मागता आली असती. त्याची चूक होती आणि त्याला ती मान्य होती. पण 'परंपरा जिवंत' हे शब्द त्याच्या झोपेबद्दल लिहिलेले त्याने पाहिले, आणि त्याच्या मानेतली कुठलीतरी शीर ताठ झाली.

"माझ्या अंगणात मी माफी मागणार नाही," तो म्हणाला.

"मग कुठे मागणार?" राझिया म्हणाली. "हे अंगण काही तुझं राहत नाही आता."

फिक्रेता उठली. कॉफीला तिने हात लावला नव्हता. फाटकापाशी ती थांबली आणि चड्ड्यांकडे बघून तिने फॉर्मवर आणखी एक ओळ लिहिली.

या शहरात उंबरठा दुरुस्त करायचा परवाना काढायला सात वर्षं लागतात. गल्लीतलं गटार बुजवायला अकरा वर्षं लागली, आणि शेवटी ते गल्लीनेच बुजवलं. पण माणूस खुन्नसवर काम करायला लागला की नगरपालिकेला सुद्धा वेग येतो. दहा दिवसांत ठराव, मंजुरी, पाटी. पाटी कोणी रंगवली हे आपण विचारायचं नाही. कोपऱ्यांत गुलाब आहेत एवढंच सांगतो.

"शेजारी, मला काय माहीत," ड्रागो म्हणाला. "मजकूर त्यांनी पाठवला. मी रंगारी माणूस, मी वाचत नाही."

मजकूर असा होता. 'कापिजिच घर. येथे पाहुण्यास तिसरी कॉफी प्रथम देण्याची दुर्मीळ प्रथा जतन केली आहे.'

सगळी चढण येऊन वाचून गेली. कोणी काही बोललं नाही, हेच त्या चढणीवर बोलणं असतं. राझियाने बॅग भरली.

"मी बहिणीकडे चालले, झेनिकाला. भिंतीवर लिहिलंय की आम्ही आल्या माणसाला हाकलतो. घेवड्याला संध्याकाळी पाणी घाल. तो पाचवा आहे."

"राझिया, पाटी-बिटी काही नाहीये तिथे."

"तू तसंच म्हणत राहा. पाणी घाल."

ती गेली. कॉफीचं काम ड्रागोने अंगावर घेतलं. त्याने त्यासाठी बाजारातून एक लाल गोंडेदार टोपी आणली. असली टोपी त्या गल्लीत आजवर फक्त कॉफीच्या पुड्यावरच्या माणसाने घातली होती. नुस्रेतने ती टोपीही बघितली नाही. दुपारी दोन वाजता तो नेहमीसारखा आलुबुखाराखाली गेला. बाकाभोवती लाल दोरी होती आणि शेजारी नगरपालिकेचा रखवालदार होता.

"काका, बसू नका. जपलेला आहे तो."

"माझा आहे तो."

"म्हणून तर जपलाय."

नुस्रेत भांडला नाही. तो आत गेला, उशी घेतली आणि चढण उतरायला लागला.

नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावरचा वऱ्हांडा उत्तरेकडे आहे. भिंती जाड, फरशी गार, खिडकीबाहेर चेस्टनटचं झाड, आणि वास्तू व महत्त्व विभागाच्या दारासमोर अक्रोडाच्या लाकडाचा एक लांब बाक. नुस्रेतने उशी ठेवली, बूट काढून बाकाखाली सरळ रेषेत लावले आणि आडवा झाला. दार उघडलं.

"इथे काय करताय?" फिक्रेताने विचारलं.

"बघायला आलोय. इमारत जुनी आहे ना."

"डोळे मिटून?"

"मी असंच बघतो."

फिक्रेताला शिपायाला बोलावता आलं असतं. पण शिपाई, दोन कारकून आणि लग्नाच्या दाखल्याला आलेलं एक जोडपं तिच्याकडे बघत होतं, आणि तिच्या जिभेवरही 'निघा' हा शब्द कधी आलेला नव्हता. शिवाय हाकलायचं कसं असतं हे याला नीट क्रमाने दाखवून द्यायची संधी तिला सोडवेना. तिने पहिली कॉफी पाठवली, भांड्यात, लोकुमासकट. नुस्रेत उठून बसला, प्यायला, आडवा झाला. तासाभराने दुसरी आली. ती घेताना दोघांनी चेस्टनटच्या झाडाबद्दल सभ्यपणे बोलून घेतलं. मग फिक्रेता स्वतः तिसरी घेऊन आली. ओतलेली. लोकुम नाही. ती बसली नाही.

नुस्रेतने कप घेतला, सावकाश संपवला आणि ओठ पुसले.

"छान होती," तो म्हणाला. "दाट होती." आणि त्याने उशी पालथी केली, कारण ती बाजू गार असते.

साडेपाचला शिपायाने इमारत बंद केली तेव्हाच तो उठला. दुसऱ्या दिवशी दोनला पुन्हा आला. फिक्रेताने सरळ तिसरी द्यायची नाही असं मनाशी ठरवलं होतं, त्यामुळे तिला रोज तिन्ही द्याव्या लागत होत्या. चार दिवस हे असं चाललं, आणि नुस्रेतची बरीच झोप वसूल झाली. मग मात्र घोटाळा झाला. चढणीवर टोपीवाल्या ड्रागोला बघून कंटाळलेल्या लोकांनी विचारलं, की फोटोतला तो खरा माणूस कुठे आहे. ड्रागोने खरं सांगितलं.

पाचव्या दिवशी नुस्रेतला जाग आली ती कॅमेऱ्यांच्या आवाजाने. वऱ्हांड्यात तीस माणसं होती. काही फरशीवर चपला काढून बसली होती. फिक्रेता दारात उभी होती आणि तिचे केस पहिल्यांदाच विस्कटलेले होते.

"यांना घेऊन जा," ती म्हणाली. "तुमची माणसं आहेत ही."

"माझी कशी?" नुस्रेत म्हणाला. "उंबरठा तुमचा आहे. मीही इथे पाहुणाच."

"मला काम करू देत नाहीत हो. एक बाई माझ्या शिक्क्यांचे फोटो काढतेय. नकाशावर आलाय हा वऱ्हांडा. सातवा."

"कॅथेड्रलच्या खाली," नुस्रेत म्हणाला. "तेवढं बरं आहे." मग त्याने शेजारी बघितलं. त्याच्या उशीच्या दुसऱ्या टोकाला एक नॉर्वेजियन डोकं टेकून झोपला होता, तोंड उघडं ठेवून, आणि चांगला झोपला होता. नुस्रेतच्या मानेतली ती शीर पुन्हा ताठ झाली. "एक कागद द्या."

"कशाला?"

"अर्ज करायचाय."

फिक्रेताने कागद दिला. पेनही दिलं. एवढ्या दिवसांत दोघांचं एकमत झालेली ती पहिली गोष्ट होती. नुस्रेतने बाकावर बसून, नॉर्वेजियनाला धक्का न लावता, एका दमात लिहिलं, आणि त्या अर्जावर आवक क्रमांक चारशे बारा पडला. तो अजून विभागात आहे.

'प्रति, वास्तू व महत्त्व विभाग. विषय: आपल्या इमारतीबाबत. महोदया, खाली सही करणारा नुस्रेत कापिजिच, निवृत्त ट्रामचालक, विनंतीपूर्वक अर्ज करतो की आपल्या इमारतीस, तिच्या दुसऱ्या मजल्यास आणि तेथे चालणाऱ्या कामास कोणतेही महत्त्व नाही, असा दाखला आपल्याच सहीने व शिक्क्याने देण्यात यावा. आवश्यक ती पाहणी अर्जदाराने स्वतः पाच दिवस, रोज दोन तासांहून अधिक काळ केलेली आहे व तो तसे लिहून द्यायला तयार आहे. दाखला तयार होईपर्यंत दुपारी दोन ते चार या वेळेत नगरपालिकेचे कामकाज, दूरध्वनी व शिक्के मारणे बंद ठेवावे. उत्तर आल्यास ते बाकाच्या टोकाला ठेवावे. अर्जदारास उठवू नये.'